परतीच्या पाखरांचा सांगाती : डॉ. सलीम अली

फाल्गुन सरत येतो, पळस आणि सावर फुलून जातात आणि गावोगावच्या तळ्यांवर निरोपाची लगबग सुरू होते. हिवाळाभर पाण्यावर निवांत पसरलेले तलवार बदकांचे आणि चक्रांगांचे थवे आता अस्वस्थ होतात, संध्याकाळी उगाच उठून तळ्यावर फेर धरतात. पाणथळीत शेपटी हलवीत फिरणाऱ्या पिवळ्या धोब्याच्या अंगावर ऐन हळदीचा रंग चढतो. ज्वारीच्या शेतकऱ्याला नकोशा झालेल्या भोरड्या पळसाच्या फुलांवर गर्दी करतात. मग एखाद्या पहाटे तळ्यावर जावे, तो पाणी मोकळे दिसते. ही पाखरे कोठे गेली, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. कालिदासाने मेघदूतात राजहंसांना मानसरोवराच्या वाटेवर मेघाचे सोबती केले आणि शतकानुशतके आपण त्या उत्तरावर समाधान मानले. कवीचे उत्तर दिशेच्या दृष्टीने फारसे चुकलेले नव्हते. परंतु कोणता पक्षी, कोणत्या महिन्यात, कोठून कोठे जातो हे पुराव्यानिशी सांगायचे तर तळ्याकाठी वर्षानुवर्षे बसून नोंदी करणारा कोणी हवा होता. भारतीय पक्ष्यांच्या बाबतीत हे काम ज्यांनी आयुष्यभराचे व्रत म्हणून पत्करले, ते डॉ. सलीम अली होत.

सलीम मोईझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. दहा भावंडांत ते धाकटे. वर्षाचे असताना पितृछत्र हरपले आणि तिसऱ्या वर्षी आईही गेली. खेतवाडीत राहणारे मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि निपुत्रिक मामी हमीदा बेगम यांनी या पोरक्या भावंडांना आपल्या घरी वाढविले. बडोदे संस्थानात न्यायाधीश असलेले आणि पुढे मिठाच्या सत्याग्रहात गांधीजींच्या बरोबरीने उभे राहिलेले अब्बास तय्यबजी हे याच गोतावळ्यातले. मामा स्वतः शिकारीचे शौकीन. त्यामुळे मुलांच्या हाती छर्ऱ्याची बंदूक लवकरच आली.

त्या बंदुकीने दहा-बारा वर्षांच्या सलीमने एक चिमणी टिपली. नेहमीच्या चिमणीसारखीच, पण गळ्यावर पिवळा ठिपका असलेली. ही कोणती चिमणी, असे त्याने मामांना विचारले. मामांना ते सांगता येईना. वडीलधाऱ्यांना ठाऊक नसलेल्या गोष्टीवर मुलाला गप्प बसविणे सोपे असते. अमिरुद्दीन यांनी तसे केले नाही. त्यांनी भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे चिठ्ठी देऊन पाठविले. मिलार्ड यांनी चिमणीचे नाव तर सांगितलेच, शिवाय पेंढा भरलेल्या पक्ष्यांनी भरलेली कपाटे उघडून दाखविली, पक्ष्याचे कातडे काढून ते टिकविण्याची विद्या शिकविण्याचे कबूल केले आणि काही पुस्तके वाचायला दिली. त्यांत ‘ईहा’ या टोपणनावाने लिहिणारे एडवर्ड हॅमिल्टन एटकेन यांचे मुंबईच्या पक्ष्यांवरील पुस्तक होते. एटकेन यांचा जन्म साताऱ्याचा, आणि १८८३ मध्ये स्थापन झालेल्या या सोसायटीच्या संस्थापकांपैकी ते एक. भारतीय पक्षिशास्त्राचा पुढचा सारा इतिहास एका मुलाच्या प्रश्नातून आणि वाचायला दिलेल्या त्या पुस्तकांतून उगवला, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये.

तथापि, त्या दिवसापासून वाट सरळ झाली असे मात्र नाही. मॅट्रिक झाल्यावर १९१४ मध्ये ते घरच्या खाण-लाकडाच्या व्यवसायासाठी ब्रह्मदेशात तवॉय येथे गेले. हिशेबाच्या वह्यांपेक्षा भोवतीच्या रानातील पाखरांनीच त्यांना अधिक ओढून घेतले. मध्यंतरी मुंबईस परतून त्यांनी व्यापारी शिक्षण घेतले, सेंट झेविअर महाविद्यालयात फादर ब्लॅटर यांच्या उत्तेजनाने प्राणिशास्त्राचाही अभ्यास केला. १९१८ मध्ये तेहमिना यांच्याशी त्यांचा विवाह झाला. उभयता पुन्हा ब्रह्मदेशात गेले, पण व्यापार काही साधला नाही. परतल्यावर पक्षिशास्त्रज्ञाच्या सरकारी जागेसाठी त्यांनी प्रयत्न केला. रीतसर पदवी नसल्याने ती जागा त्यांना मिळाली नाही. अखेर १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, निसर्गविभागाचे मार्गदर्शक-व्याख्याते म्हणून त्यांची नेमणूक झाली.

काचेमागचे पक्षी दाखविताना आपले ज्ञान अपुरे आहे याची जाणीव त्यांना होत राहिली. १९२८ मध्ये रजा घेऊन ते जर्मनीस गेले आणि बर्लिनच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात प्राध्यापक एर्विन स्ट्रेसेमान यांच्या हाताखाली शिकले. सलीम अली त्यांना जन्मभर गुरू मानीत. याच मुक्कामात त्यांनी उत्तर समुद्रातील हेल्गोलँड या चिमुकल्या बेटावरील पक्षिनिरीक्षण केंद्रही पाहिले. वसंतात उत्तरेकडे आणि शरदात दक्षिणेकडे जाणारे असंख्य पक्षी समुद्र ओलांडताना या बेटावर घडीभर टेकतात. त्यांना इजा न करता पकडावे, पायात हलकेसे क्रमांकित धातूचे कडे घालावे आणि सोडून द्यावे. पुढे ते कडे कोणाच्या हाती लागून कळविले गेले, तर त्या पक्ष्याच्या प्रवासाची दोन टोके जुळतात. इतकी साधी ही युक्ती. आपल्या देशात सोसायटीने बदकांना अशी कडी घालण्याचा उपक्रम १९२७ च्या सुमारास माळव्यातील धार या पवारांच्या मराठी संस्थानात केला होता. त्याला व्यापक रूप देण्याचे बीज सलीम अलींच्या मनात हेल्गोलँडला रुजले. ते उगवायला मात्र तीस वर्षे लागायची होती.

१९३० मध्ये ते परतले, तो संग्रहालयातील त्यांची जागा पैशाअभावी रद्द झालेली. परदेशात शिकून आलेला, विवाहित, चौतिशीतला हा माणूस बेकार होता. मुंबईतील खर्च झेपेना म्हणून अलिबागजवळ किहीम या समुद्रकाठच्या गावी पतिपत्नी जाऊन राहिली. घराजवळच्या झाडावर सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. पावसाळ्याचे दिवस होते आणि हाताला काम नव्हते. सलीम अली शिडीवर बसून रोज तासन्‌तास त्या खोप्यांकडे पाहू लागले. बहिणाबाईंच्या काव्यामुळे पुढे मराठी घराघरांत लाडका झालेला हा पक्षी. त्याचा खोपा विणतो तो नर, मादी अर्धवट विणलेला खोपा पारखून पसंत करते, मग तो पुरा होतो, आणि मादी अंड्यांवर बसली की नर दुसरा खोपा विणावयास घेऊन दुसऱ्या मादीची वाट पाहतो, हे सारे त्यांनी या रिकामपणात शोधून काढले. त्यावरील निबंधाने त्यांचे नाव पक्षिशास्त्रज्ञांत झाले. नोकरी गेली नसती तर हा शोध लागला असता की नाही, कोण जाणे.

त्या काळी देशी संस्थानांतील पक्ष्यांची पद्धतशीर पाहणी झालेली नव्हती. सलीम अलींनी एक तोड काढली. प्रवास, तंबू आणि मदतनीसांचा खर्च संस्थानाने द्यावा, स्वतःच्या श्रमाचे ते काही घेणार नाहीत. हैदराबादच्या निजाम सरकारने हे प्रथम मान्य केले आणि १९३१ मध्ये ती पाहणी सुरू झाली. त्यापाठोपाठ त्रावणकोर आणि कोचीन, पुढे ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ अशी संस्थाने आली. आज ज्या नगरांत मराठी ग्रंथालये शंभरी गाठत आहेत, त्यांपैकी कित्येकांच्या आसपासच्या रानावनांची पहिली शास्त्रशुद्ध पक्षिगणती अशी एका बिनपगारी माणसाने केलेली आहे.

या फेऱ्यांची दिनचर्या कठोर होती. झुंजुमुंजू होण्यापूर्वी बाहेर पडायचे, ऊन चढेपर्यंत पायी फिरायचे, दुर्बिणीतून पाहायचे, ऐकायचे आणि टिपणवहीत लिहायचे. कोणत्या झाडावर, किती संख्येने, काय खाताना, कोणता आवाज काढताना पक्षी दिसला, हे सगळे जागच्या जागी नोंदवायचे. दुपारी आणि रात्री कंदिलाच्या उजेडात नमुन्यांची कातडी तयार करायची. स्थलांतरित पक्ष्यांची नोंद तर अधिकच चिकाटी मागणारी. पक्षी आला तो दिवस कळतो, कारण काल तो नव्हता आणि आज दिसला. तो गेला तो दिवस मात्र सहजी हाती लागत नाही. चैत्रात रोज त्याच पाणवठ्यावर जावे, रोज त्याला पाहावे, आणि मग काही दिवस तो दिसला नाही म्हणजे मागे वळून शेवटच्या भेटीची तारीख निश्चित करावी. वसंतातील पक्षिनिरीक्षणाचे मर्म हेच की, जी भेट शेवटची असते ती त्या वेळी शेवटची वाटत नाही.

या साऱ्या भटकंतीत तेहमिना बरोबर असत. इंग्लंडात शिकलेल्या आणि वाङ्मयाची उत्तम जाण असलेल्या या स्त्रीने तंबूतला संसार हौसेने केला, पतीचे लेखन तपासले, त्याच्या भाषेला वळण दिले. सलीम अलींच्या इंग्रजी गद्याची जी सफाई पुढे वाखाणली गेली, तिच्या श्रेयात त्यांनी पत्नीचा वाटा नेहमी मान्य केला. १९३९ मध्ये एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर तेहमिना अकस्मात निवर्तल्या. मूलबाळ नव्हते. त्यानंतर सलीम अली बहीण कमू आणि मेहुणे यांच्याकडे वांद्र्यास राहिले आणि जवळजवळ अर्धे शतक एकट्याने काम करीत राहिले. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही.

त्यांच्या स्वभावातील सत्यनिष्ठेचा एक प्रसंग या काळातला आहे. पोलीस अधिकारी ह्यू व्हिसलर हे भारतीय पक्ष्यांचे त्या वेळचे मोठे अधिकारी मानले जात. भृंगराज म्हणजे पल्लवपुच्छ कोतवालाच्या शेपटीतील लांब पिसांविषयी व्हिसलर यांनी जे लिहिले, ते चूक असून जुन्या ग्रंथांवरून उतरत आलेले आहे, असे सलीम अलींनी दाखवून दिले. पिसाच्या दांड्याला पीळ असल्याने आतली बाजू बाहेरची वाटते, एवढाच तो घोटाळा. एका अपरिचित भारतीयाने दोष काढावा हे व्हिसलर यांना प्रथम फार झोंबले. परंतु नमुने पुन्हा तपासल्यावर त्यांनी चूक मान्य केली आणि पुढे ते सलीम अलींचे जिवलग स्नेही झाले. हैदराबाद आणि मध्य भारताच्या पाहण्यांवरील निबंधांत व्हिसलर यांच्या टिपणांची जोड आहे. परतंत्र देशात हा मान केवळ नीट पाहण्याच्या बळावर मिळाला होता.

१९४१ मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील सचित्र पुस्तक प्रसिद्ध झाले. तोवरचे ग्रंथ विद्वानांसाठी होते. हे पुस्तक बागेत, शेतात, रेल्वेच्या खिडकीतून पक्षी पाहणाऱ्या सामान्य माणसासाठी होते. पंडित नेहरूंनी देहरादूनच्या तुरुंगातून ते आपल्या कन्येला पाठविले आणि पक्ष्यांकडे पाहण्याची दृष्टी आपल्याला त्या पुस्तकाने दिली, असे इंदिरा गांधींनी पुढे नमूद केले आहे. १९४५ मध्ये सलीम अलींनी कैलास आणि मानसरोवराची यात्रा केली, तीही पक्ष्यांसाठी. आपल्याकडे हिवाळ्यात येणाऱ्या, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेल्या पट्टकदंब हंसांचे माहेर तिबेट आणि लडाखच्या सरोवरांवर आहे. मार्च-एप्रिलमध्ये ते हिमालय ओलांडून परततात, म्हणजे मेघदूतातील आषाढाच्या कितीतरी आधी. कवीने सांगितलेली दिशा पक्ष्यांनी खरी केली आहे, महिना तेवढा त्यांचा स्वतःचा आहे.

स्वातंत्र्यानंतर सोसायटीचे बहुतेक इंग्रज आधारस्तंभ मायदेशी गेले आणि संस्थेवर कठीण दिवस आले. सलीम अलींनी ती सावरून धरली. अशा वेळी १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि माणसांना जीवघेणा ताप येऊ लागला. आपल्याकडे माकडताप म्हणून ओळखला जाणारा हा रोग पुढे २०१५ च्या सुमारास गोव्यातील सत्तरीत आणि त्यानंतर सिंधुदुर्गातील दोडामार्गाकडेही पोहोचला. त्याचे विषाणू सैबेरियातील एका रोगाच्या विषाणूंशी साम्य असणारे निघाले. तेव्हा थंडीत येणारे पक्षीच आपल्या अंगावरील गोचिडांबरोबर हा रोग आणीत नाहीत ना, अशी शंका निघाली. तिचा तपास करण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्याने १९५९ पासून सोसायटीने स्थलांतरित पक्ष्यांना कडी घालण्याचा मोठा प्रकल्प हाती घेतला. हेल्गोलँडचे बीज अखेर उगवले.

राजस्थानातील भरतपूरचे केवलादेव तळे हे या कामाचे प्रमुख केंद्र होते. या जागेचा पूर्वेतिहास रक्ताने माखलेला होता. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारी मंडळींनी तेथे एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले. त्याचा आकडा दगडावर कोरलेला आहे. तो सलीम अलींचा बेचाळिसावा वाढदिवस होता, हा केवळ योगायोग. त्याच तळ्याकाठी आता बिहारमधील मिरशिकार समाजातील पारधी सोसायटीसाठी जाळी लावू लागले. पक्ष्यांना फसविण्याची त्यांची पिढीजात विद्या आजवर बाजारासाठी राबत होती, ती सलीम अलींनी शास्त्राच्या कामी लावली. पहाटे जाळ्यात आलेला पक्षी हळुवार सोडवायचा, त्याचे वजन करायचे, पंख मोजायचे, गोचीड शोधायचे, पायात कडे घालायचे आणि त्याला मोकळे करायचे. कड्यावर क्रमांक आणि मुंबईच्या संस्थेला कळविण्याची इंग्रजी सूचना. वसंतात उडालेल्या हजारो पक्ष्यांपैकी फार थोड्यांचीच कडी पुन्हा माणसाच्या हाती लागत. पण सोव्हिएत देशाच्या एखाद्या दूरच्या भागातून पत्र येई आणि भरतपूरच्या पाण्यावर पोहणारे बदक हजारो मैलांवर गेल्याची खातरजमा होई. पक्ष्यांनीच हा रोग बाहेरून आणला, असे काही सिद्ध झाले नाही. स्थलांतराचा नकाशा मात्र प्रथमच पुराव्यानिशी रेखला जाऊ लागला. परदेशी पैशामुळे सत्तरीच्या दशकात या प्रकल्पावर संशयाचे ढगही आले आणि आयुष्यभर उघड्यावर काम केलेल्या या माणसाला त्याचे दुःख झाले.

एक गोष्ट येथे झाकून ठेवणे योग्य नव्हे. सलीम अली हे तरुणपणी शिकारी होते आणि पाहणीसाठी त्यांनी शेकडो पक्षी बंदुकीने टिपले. नमुना हाती असल्याशिवाय जातींची निश्चिती होत नाही, ही त्या काळची शास्त्रीय गरज होती आणि तिचे त्यांनी कधी लंगडे समर्थन केले नाही की ती लपविली नाही. पण पक्षी मारून त्याचे नाव कळते, त्याचा प्रवास कळत नाही. प्रवास जाणायचा तर त्याला जिवंत सोडावे लागते, आणि तो पुन्हा भेटेल अशी आशा बाळगावी लागते. छर्ऱ्याच्या बंदुकीपासून या कड्यापर्यंतचा पल्ला हाच त्यांच्या आयुष्याचा खरा प्रवास म्हणावा लागेल.

भरतपूरचे तळे उपसून शेतीखाली आणावे अशी मागणी झाली तेव्हा त्यांनी थेट पंतप्रधानांपर्यंत जाऊन ते वाचविले. १९८५ मध्ये त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. केरळातील सायलेंट व्हॅलीच्या रक्षणासाठीही त्यांनी आपला शब्द खर्ची घातला. अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ डिलन रिप्ली यांच्या सहकार्याने भारत आणि पाकिस्तानातील पक्ष्यांचा दहा खंडांचा संदर्भग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात त्यांनी पूर्ण केला, तेव्हा त्यांचे वय अठ्ठ्याहत्तरीस टेकले होते. १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण, ब्रिटिश पक्षिशास्त्रज्ञांच्या संघाचे सुवर्णपदक, पॉल गेटी पारितोषिक, तीन विद्यापीठांच्या सन्माननीय पदव्या आणि १९८५ मध्ये राज्यसभेचे सदस्यत्व असे मान चालत आले. पदवीअभावी नाकारलेल्या जागेची भरपाई काळाने अशी केली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राला त्यांनी नाव दिले ते मात्र लहानपणी पाडलेल्या त्या चिमणीवरून.

२० जून १९८७ रोजी, नव्वदी ओलांडल्यावर, मुंबईत त्यांचे निधन झाले. जून महिन्यात आपली हिवाळी पाहुणी पाखरे दूर उत्तरेत घरटी करून असतात. पावसाळा सरताच ती नेहमीप्रमाणे आली. गोव्यातील चोडण बेटावरील कांदळवनाला आणि केरळातील तट्टेकाडच्या अभयारण्याला त्यांचे नाव आहे, कोइमतूरला १९९० मध्ये त्यांच्या नावाचे संशोधन केंद्र निघाले. महाराष्ट्रात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. त्याचा आरंभ मारुती चितमपल्लींच्या आणि शेवट सलीम अलींच्या जन्मदिनी होतो. परंतु सगळीच पाखरे परतली असे नाही. भरतपूरला हिवाळ्यात येणारे सैबेरियन क्रौंच २००१-०२ नंतर तेथे दिसले नाहीत. ते शेवटचे उडाले तेव्हा ती भेट शेवटची आहे हे कोणाला ठाऊक होते? ते आले होते आणि आता येत नाहीत, हे आपण निश्चयाने सांगू शकतो, याचे कारण कोणीतरी दरवर्षी तळ्याकाठी जाऊन लिहून ठेवीत होते.

ग्रंथालयाला नोंदवहीचे मोल सांगावे लागत नाही. कोणते पुस्तक कधी आले, कोणी नेले, कधी परत केले, हे शंभर वर्षे निष्ठेने लिहिले गेले म्हणूनच अशी संस्था उभी राहते. मिलार्ड यांनी एका अनोळखी मुलाच्या हाती पुस्तके ठेवली आणि त्या मुलाने पुढे अवघ्या देशाला पक्षी वाचायला शिकविले. येत्या चैत्रात एखाद्या वाचकाने पहाटे गावच्या तळ्यावर जाऊन शेवटच्या धोब्याची तारीख वहीत टिपली, तर सलीम अलींचे ऋण थोडेसे फिटेल.